मोटोक्रॉसचा छंद, प्रायोजक आणि पोटापाण्याचा प्रश्न
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात अंबड, नाशिक येथे केलेले भाषण)



दरवर्षी ह्या मेळाव्यात विद्यार्थ्यांचा गुणगौरव होतो, वधूवरांची यादी वाचली जाते, जमाखर्च मंजूर होतो आणि जेवणाची पाने मांडली जाईपर्यंत कोणीतरी चार उपदेशपर शब्द बोलतो. यंदा तो मान कार्यकारी मंडळाने आम्हांस दिला, ह्याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. विषय मात्र आम्ही स्वतः मागून घेतला आहे. तो ऐकून कित्येकांच्या भुवया उंचावल्या असतील. म्हणून त्याचे कारण आधी सांगणे इष्ट.

आपल्या शिक्षण-साहाय्य समितीपुढे यंदा जे अर्ज आले, त्यांत एक अर्ज निराळा होता. अर्जदार एकोणीस वर्षांचा तरुण. वडील येथल्याच एका कारखान्यात फिटर. मुलगा यंत्र-अभियांत्रिकीच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षात शिकत आहे. त्याने फी मागितली नव्हती, पुस्तके मागितली नव्हती. मोटोक्रॉस नावाच्या मोटारसायकलच्या शर्यतीत आपल्याला उतरावयाचे आहे, त्यासाठी मंडळाने प्रायोजक व्हावे, असे त्याने लिहिले होते. खाली एक ओळ अशी होती की, गाडीसाठी आईच्या पाटल्या मोडण्याची आणि वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढण्याची घरच्यांची तयारी आहे. पदविका पुढे केव्हाही पुरी करता येईल.

समितीत अर्ज वाचला गेला तेव्हा दोघेचौघे हसले. एक सद्गृहस्थ म्हणाले, "उद्या पतंगासाठीही अर्ज येतील." आम्ही हसू शकलो नाही. न हसण्याचे कारण बारा वर्षांपूर्वीचे आहे आणि ते आज सर्वांसमक्ष सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

त्या वेळी आम्ही मंडळाचे चिटणीस होतो. असाच एक मुलगा आमच्या दाराशी आला होता. त्याने गाडी मागितली नव्हती. शर्यतीसाठी चांगले शिरस्त्राण, गुडघ्यांचे पट्टे आणि घोट्याच्या वर येणारे बूट घेण्यापुरते पैसे मागितले होते. आम्ही त्याला पाण्याचा पेला दिला आणि तासभर उपदेश दिला. आधी पोटोबा मग विठोबा, हे सांगितले. पैसे दिले नाहीत. मुलगा शर्यतीला जायचा तो गेलाच. फक्त तो मित्राचे सैल शिरस्त्राण आणि कापडी बूट घालून गेला. दुसऱ्या फेरीत उंचवट्यावरून गाडी वाकडी उतरली आणि पाय गाडीखाली आला. घोट्याचा चुरा झाला. आठ महिने तो घरी होता. तेवढ्या काळात कारखान्यातली कंत्राटी नोकरी गेली. आज तो आमच्याच गाळ्यात काम करतो आणि चांगले काम करतो. पण पावसाळ्यात जिना चढताना त्याचा हात कठड्याकडे जातो, हे आम्ही रोज पाहतो. त्याने आम्हांस कधी बोल लावला नाही. म्हणूनच तो आम्हीच स्वतःस लावून घेतो. आमच्या नकाराने त्याचा छंद थांबला नाही, त्याचे बूट तेवढे गेले.

तेव्हा हा अर्ज हसण्यावारी नेऊ नये आणि भावनेच्या भरात मंजूरही करू नये, त्याचा नीट विचार व्हावा, एवढ्यासाठी आम्ही आज उभे आहोत.

प्रथम हा खेळ काय आहे ते पाहू. मोटोक्रॉस म्हणजे हमरस्त्यावरची शर्यत नव्हे. मोकळ्या, बंदिस्त केलेल्या मातीच्या मैदानावर चढ, उतार, वळणे आणि उंचवटे असतात. त्यांवरून हलक्या पण दणकट मोटारसायकली ठरावीक वेळ वा ठरावीक फेऱ्या पळवावयाच्या असतात. ह्या खेळाचा उगम इंग्लंडमधला. २९ मार्च १९२४ रोजी कॅम्बर्ली येथे झालेली शर्यत ही ह्या प्रकारची पहिली मानली जाते. मोटारसायकलसाठी असलेला फ्रेंच शब्द आणि रानोमाळ धावण्याच्या 'क्रॉस-कंट्री' शर्यतीचे नाव ह्यांच्या जोडणीतून 'मोटोक्रॉस' हे नाव पडले. १९५७ पासून ह्या खेळाची जागतिक विजेतेपदाची स्पर्धा भरते. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या क्रीडागारात माती आणून कृत्रिम मैदान बांधले गेले आणि तेथून सुपरक्रॉस ह्या भावंडाची भरभराट झाली. आपल्या देशात प्रेक्षक पाहतात ते बहुतांशी हे सुपरक्रॉस. आपल्याकडे ह्या खेळाचे नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही संस्था करते. तिला केंद्र शासनाच्या क्रीडा मंत्रालयाची मान्यता आहे, आणि अधिकृत स्पर्धेत उतरण्यासाठी तिचा परवाना लागतो.

हा खेळ आपल्याला परका वाटतो. पण तो तितका परका आहे काय? आपल्या ज्ञातीचा पिढीजात धंदा भात्याचा आणि ऐरणीचा. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव बसविण्याचे काम आपल्या आजोबा-पणजोबांनी गावोगाव केले. धाव लालबुंद तापवून चाकावर चढवावयाची आणि पाणी ओतून आवळून घ्यावयाची, ह्यात घटकेची चूक झाली तर चाक फुटे. चाक जमिनीला कसे धरते आणि धक्का कोठे बसतो, हे ज्ञान आपल्या रक्तात नसले तरी हातात होते. पुढे गाड्या गेल्या, भाते गेले, आणि तेच हात सातपूर-अंबडच्या कारखान्यांत लेथवर आले. आज नाशकात महिंद्रची मोटार बनते, सीएटचे टायर बनतात, आणि त्यांना सुटे भाग पुरविणारे लहान गाळे एक्स्लो पॉइंटपासून पाथर्डी फाट्यापर्यंत पसरले आहेत. अशा वस्तीतल्या मुलाला मोटारसायकलचे वेड लागले, तर त्यात नवल ते कोणते?

आता मुख्य प्रश्न. ह्या खेळात प्रायोजक कसा मिळतो आणि त्यावर पोट भरते काय?

प्रायोजक ह्या शब्दाचा आपल्या मुलांनी फार मोठा गैरसमज करून घेतला आहे. त्यांना वाटते, कोणी शेठजी आपली कर्तबगारी पाहून प्रसन्न होईल आणि गाडी भेट देईल. ज्ञातिबंधूंनो, प्रायोजकत्व हे दान नव्हे, बक्षीसही नव्हे. तो व्यवहार आहे. दुकानदार पाटी रंगवून घेतो तेव्हा रंगाऱ्यावर उपकार करीत नाही. प्रायोजकही स्वाराच्या अंगरख्यावर आणि गाडीच्या पत्र्यावर आपले नाव रंगवून घेतो आणि ते नाव किती लोकांनी, कोणत्या लोकांनी आणि कोणत्या प्रसंगी पाहिले, ह्याचा हिशेब मनात ठेवतो. जो स्वार हा हिशेब स्वतः होऊन देतो, त्याच्याकडे प्रायोजक दुसऱ्या वर्षी टिकतो.

ह्या व्यवहाराच्या चार पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर गावातला दुकानदार सुट्या भागांवर सूट देतो. दुसऱ्या पायरीवर वस्तू मिळतात : टायर, तेल, हातमोजे. तिसऱ्या पायरीवर प्रवेश-फी आणि गाडी मैदानापर्यंत नेणाऱ्या टेम्पोचे भाडे मिळते. चौथ्या पायरीवर कंपनीचा स्वतःचा संघ असतो; तो गाडी, मिस्त्री, प्रवास आणि मानधन देतो. पहिल्या तीन पायऱ्यांवरचा मुलगा हौशीच असतो. त्याचा खर्च कमी होतो, पण त्याला मिळकत होत नाही. मिळकत चौथ्या पायरीवर सुरू होते, आणि देशात अशा संघांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी आहे.

ती पायरी चढलेले लोक आहेत, हेही सांगितले पाहिजे. टी.व्ही.एस. कंपनीचा शर्यत-विभाग १९८२ पासून चालू आहे. हीरो कंपनीने २०१६ मध्ये आपला रॅली-संघ उभा केला. एम.आर.एफ. ह्या टायर-कंपनीचे नाव राष्ट्रीय सुपरक्रॉस स्पर्धेशी कित्येक वर्षे जोडलेले राहिले. बंगळूरचे सी. एस. संतोष हे सुपरक्रॉसचे राष्ट्रीय विजेते. २०१५ मध्ये डकार ही जगातील अत्यंत खडतर रॅली पूर्ण करणारे ते पहिले भारतीय ठरले आणि त्यांचा क्रमांक ३६ वा आला. टी.व्ही.एस.चे के. पी. अरविंद ह्यांनीही सुपरक्रॉसच्या मातीतूनच जाऊन २०१९ मध्ये ती रॅली पुरी केली. केरळातील शोरनूरचे हरिथ नोआ पाच वेळा राष्ट्रीय सुपरक्रॉस विजेते झाले. २०२१ च्या डकारमध्ये ते विसावे आले, आणि २०२४ मध्ये 'रॅली-२' ह्या गटात पहिले आणि एकंदरीत अकरावे आले. भगिनींनी हेही ऐकावे की, २०१९ मध्ये बाहा प्रकारच्या शर्यतींत महिला गटाचा विश्वचषक बंगळूरच्या ऐश्वर्या पिसे ह्यांनी जिंकला. त्याच वर्षी रॅलीतील मोटारचालक गौरव गिल ह्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. मोटार-शर्यतीच्या क्षेत्रास मिळालेला तो पहिला. आपल्या महाराष्ट्राचे ऋग्वेद बारगुजे ह्यांचे नाव सुपरक्रॉसच्या मैदानावर आदराने घेतले जाते. जानेवारी २०२४ मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी पुण्यात झाली. तिला सीएटचे नाव होते, आणि तीत परदेशी स्वारांबरोबर भारतीय स्वारही संघांतून उतरले. हीरो कंपनीने २०२२ मध्ये हौशी मुलांसाठी देशभर चाचणी-स्पर्धा सुरू केली. विजेत्यास गाडीबरोबर प्रायोजकत्वाचा करारही मिळेल असे जाहीर केले. म्हणजे दार पूर्वीपेक्षा किंचित अधिक उघडले आहे, ह्यात संशय नाही.

पण दार उघडणे वेगळे आणि त्यातून सर्वांना आत घेणे वेगळे. वरील नावे मोजा. एवढ्या मोठ्या देशात, इतक्या वर्षांत, ती दोन हातांच्या बोटांवर मावतात. शिवाय ह्या खेळाला ऑलिंपिकमध्ये स्थान नाही. आपल्या चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ सैन्यात गेले, तेथे नौकानयन शिकले आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला पोहोचले. सैन्याची नोकरी हाच त्यांचा आधार झाला. ऑलिंपिकच्या खेळाडूला असा आधार मिळण्याची वाट निदान आखलेली असते. मोटोक्रॉसच्या स्वाराने त्या वाटेच्या भरवशावर राहू नये.

कंपन्यांचाही भरवसा ऋतूसारखा. केटीएम हे ऑस्ट्रियाचे नाव मातीच्या शर्यतींत जगभर दुमदुमते. त्या नावाच्या लहान गाड्या आपल्या चाकणला बजाजच्या कारखान्यात बनतात. ती कंपनी २०२४ च्या अखेरीस कर्जाच्या ओझ्याखाली न्यायालयाच्या दारात गेली आणि २०२५ मध्ये आपल्या आकुर्डीच्या बजाजने पैसा ओतून तिला सावरले. ज्यांचे जगभर नाव, त्यांच्यावर ही वेळ येते. अशा वेळी शर्यतीच्या खर्चालाही कात्री लागू शकते. तेव्हा प्रायोजकाच्या पैशावर घरभाडे आणि धाकट्या बहिणीची फी अवलंबून ठेवणे हे शहाणपणाचे नव्हे.

खर्चाचेही बोलू. शर्यतीसाठीच बनविलेली २५० सी.सी.ची परदेशी गाडी कित्येक लाखांच्या घरात जाते. तिला रस्त्यावर चालविण्याची नोंदणीच मिळत नाही. ती टेम्पोत घालून न्यावी लागते आणि टेम्पोत घालून आणावी लागते. आपल्या आईच्या पाटल्या अशा गाडीत घातल्या, तर त्या दुसऱ्या दिवसापासून झिजू लागतात. देशी बनावटीच्या गाड्यांचे आणि नवशिक्यांचे वेगळे गट स्पर्धांत असतात. नवशिक्याने तेथूनच सुरुवात करावी. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण पायांना पट्टे बांधलेल्यांनाही लागू आहे.

विम्याविषयी तर पालक अगदीच अंधारात असतात. आपल्याकडील आरोग्यविम्याच्या करारांत एक कलम असते : धोक्याच्या खेळांत व्यावसायिक म्हणून भाग घेताना झालेल्या दुखापतीचा खर्च मिळणार नाही. त्या यादीत मोटार-शर्यतीचे नाव स्पष्ट लिहिलेले असते. मुलाने कोणाशी करार करून मानधन घेतले, की घरचा विमा त्याच्या मोडलेल्या हाडापाशी थांबू शकतो. म्हणून सही करण्यापूर्वी दोन्ही कागद समोरासमोर ठेवून वाचावे, आणि स्पर्धेच्या आयोजकांनी कोणता विमा उतरविला आहे, हे लेखी विचारून घ्यावे.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, मग तुमचे मत नकाराचेच दिसते. तसे नाही. आमचे म्हणणे असे की, ह्या खेळात स्वाराच्या आसनावर जागा फार थोडी आहे, पण चाकाभोवती जागा पुष्कळ आहे. आणि ती जागा नेमकी आपल्या हातांची आहे. शर्यतीची गाडी प्रत्येक फेरीनंतर उघडावी लागते. तिचे शॉकअप स्वाराच्या वजनाप्रमाणे आणि मैदानाच्या मातीप्रमाणे लावून द्यावे लागतात. वाकलेली दांडी सरळ करणे, तुटलेला कान जोडणे, संरक्षक पत्रा घडविणे ही फिटरची, वेल्डरची आणि टर्नरची कामे आहेत. मैदान बांधणारा लागतो, वेळ मोजणारा लागतो, झेंडा दाखविणारा पंच लागतो. पुण्यास १९६६ पासून मोटार-उद्योगाची संशोधन-संस्था आहे, अहिल्यानगरास संरक्षण खात्याची वाहन-संशोधन संस्था आहे, इंदूरजवळ पिथमपूरला प्रचंड चाचणी-मार्ग आहे, आणि प्रत्येक मोटारसायकल-कारखान्यास गाडी बाजारात पाठविण्यापूर्वी ती खडबडीत रस्त्यावर पळवून तिचा दोष शब्दांत सांगू शकणारा चालक लागतो. नुसता वेगाने पळविणारा तेथे उपयोगाचा नाही. गाडी कोठे थरथरली, का थरथरली आणि कोणता भाग बदलला असता ती थांबेल, हे ज्याला सांगता येते, त्याला पगार मिळतो. ते सांगता येण्यासाठी पदविका लागते, किंवा सातपूरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतला एखादा पक्का ट्रेड लागतो. शर्यतीचा अनुभव आणि हातातली विद्या एकत्र आली, तरच त्याला करिअर म्हणावे. एकटी शर्यत ही दहा वर्षांची जत्रा आहे.

आमच्या गाळ्यातला तो मुलगा, ज्याचा आम्ही आरंभी उल्लेख केला, तो आज हेच करतो. दिवसा कारखान्याचे सुटे भाग आणि सायंकाळी शर्यतीच्या गाड्यांचे शॉकअप. मुलांच्या गाड्या त्याच्याकडे येतात, कारण तो स्वतः पडलेला आहे. पडून शिकण्याऐवजी त्याला शिकून पडू दिले असते, तर आज त्याचा पायही सरळ असता.

आता प्रायोजक मागणाऱ्या मुलांसाठी चार व्यावहारिक गोष्टी. पत्र एका पानाचे लिहावे. त्यात आपण कोण, कोणत्या गटात शर्यत करतो, गेल्या वर्षी कोठे उतरलो आणि कितवे आलो, हे खरे लिहावे. सातवा क्रमांक आला असेल तर सातवाच लिहावा. पुढील वर्षीचे स्पर्धांचे वेळापत्रक आणि खर्चाचा तपशील जोडावा. आपल्याला काय हवे ह्यापेक्षा आपण काय देऊ, हे आधी लिहावे : गाडीवर नाव कोठे येईल, इन्स्टाग्रामवर छायाचित्रे केव्हा टाकू, दुकानाच्या उद्घाटनास गाडी घेऊन उभे राहू काय. पहिले पत्र मुंबईच्या मोठ्या कंपनीला पाठवू नये. ते आपल्या गल्लीतल्या टायरवाल्यास, तेलाच्या विक्रेत्यास, अंबडमधल्या लहान कारखानदारास द्यावे. येथील उद्योजकांची आयमा ही संघटना आहे, तिच्या सभासदांत आपलेही बांधव आहेत. आणि हंगाम संपल्यावर, हरलो असलो तरी, हिशेबासह आभाराचे पत्र द्यावे. मागताना सर्वच लिहितात. संपल्यावर लिहिणारा विरळा, आणि त्याचीच आठवण राहते.

एक भ्रम दूर करणे अगत्याचे आहे. कारखान्यांकडे सामाजिक उत्तरदायित्वाचा, म्हणजे सी.एस.आर.चा, पैसा असतो, तो मागा, असे मुलांना कोणीतरी सांगते. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांस गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के अशा कामांवर खर्चावे लागतात, आणि राष्ट्रीय मान्यता असलेल्या खेळांचे प्रशिक्षण त्यांत बसते. परंतु २०२१ च्या नियमांनी हेही स्पष्ट केले आहे की, स्वतःच्या मालाची जाहिरात साधणारे प्रायोजकत्व त्यात धरता येत नाही. म्हणजे प्रशिक्षण-शिबिर भरविणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला तो पैसा मिळू शकतो. गाडीवर कंपनीचे नाव रंगवून फिरणाऱ्या एकट्या मुलाला तो मिळणार नाही. ज्याच्याकडे जे मागावयाचे, ते जाणून मागावे.

आणि पालकांसाठी एक कडक शब्द. मुलगा अठरा वर्षांचा होण्याआधी त्याच्या हाती मोटारसायकल देऊन गंगापूर रोडला वा महामार्गावर सोडणे हे कौतुक नव्हे, गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रकरणी पालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे. रस्त्यावर शर्यत करणारा मुलगा मोटोक्रॉसचा स्वार नसतो. खरा स्वार रस्त्यावर सर्वांत सावकाश चालतो, कारण पडल्यावर काय होते हे त्याला ठाऊक असते.

आता अर्जाकडे वळतो. आपल्या इतिहासात प्रायोजकत्वाचे एक उदाहरण असे आहे की, त्यापुढे मोठमोठे करार फिके पडावे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला निघाले, तेव्हा त्यांच्याजवळ जाण्यापुरता पैसा नव्हता. गावाने वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण पदकाने पोट भरले नाही. पुढे ते पोलीस खात्यात नोकरीस लागले आणि त्या नोकरीवरच त्यांचा संसार चालला. ह्या कथेतून दोन गोष्टी घ्याव्या. समाजाने पाठीशी उभे राहिल्याशिवाय गरिबाच्या मुलाला मैदान दिसत नाही. आणि मैदानानंतरच्या आयुष्याची सोय मैदानात असतानाच करावी लागते.

ह्या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवून आम्ही सभेपुढे पुढील सूचना मांडतो. मंडळाने गाडीसाठी एक पैसाही देऊ नये आणि अर्जदाराच्या मातोश्रींच्या पाटल्या त्यांच्या हातातच राहाव्या, अशी त्यांना विनंती करावी. मंडळाने द्यावे ते तीन गोष्टींसाठी : डोक्यापासून पायापर्यंतची संरक्षक साधने, परवाना व वैद्यकीय तपासणी, आणि जाणत्या प्रशिक्षकाकडचे पहिले शिबिर. अटीही तीनच असाव्या : पदविका अखंड चालू राहील, रस्त्यावर शर्यत होणार नाही, आणि वर्षअखेर हिशेबाची वही समितीपुढे येईल. परतफेड रोख नको. पुढील वर्षी येणाऱ्या दोन मुलांना त्याने आपली विद्या शिकवावी, आणि साधने अंगास लहान झाली की ती मंडळाकडे जमा करावी.

आणखी एक. हा निधी केवळ ज्ञातीपुरता नसावा. विशिष्ट जातीच्या लाभासाठी असलेल्या संस्थेस आयकराच्या सवलतीत अडचण येते, हे आपल्या हिशेबतपासनिसांस ठाऊक आहे. पण आमचे कारण त्याहून जुने आहे. आपले आजोबा चाकाला धाव बसवीत तेव्हा गाडी कोणाची, हे विचारून निखारे पेटवीत नसत. अंबडच्या वस्तीतली कोणतीही मुलगी वा मुलगा ह्या साधनांसाठी आला, तर त्याला ती मिळावी.

ह्या निधीसाठी अकरा हजार रुपये आम्ही आज कोषाध्यक्षांकडे देत आहोत. ही देणगी समजू नये. बारा वर्षांपूर्वीची थकबाकी आहे, आणि ती आम्ही व्याजाशिवाय फेडतो, ह्याची आम्हांस जाणीव आहे. तो मुलगा आज सभागृहात मागच्या रांगेत बसला आहे. शिबिरात गाड्या लावून देण्याचे काम विनामूल्य करण्याचे त्याने आम्हांस कालच कबूल केले.

अर्जदार तरुणास एवढेच सांगतो : बाळा, तू जिंकशील की नाही, हे आम्हांस सांगता येत नाही. पण तू बूट घालून उतरशील आणि हाती विद्या घेऊन परतशील, एवढी व्यवस्था करणे आमच्या हाती आहे. तेवढे आम्ही करू, उरलेले तुझे.